टँकरचा मिसकॉल आणि बर्फाचा डोंगर

आमच्या सहलीच्या गोष्टी इतक्या साठल्यात, की गल्लीत चहाला बसलं की एकीतून दुसरी निघते. सुरुवात झाली सकाळी सव्वानऊला. लातूरच्या आमच्या दुकानासमोर टेम्पोतून प्लास्टिकच्या टाक्या उतरत होत्या आणि ह्यांना कंपनीचा फोन आला. दुष्काळात टाक्या लई खपल्या, म्हणून डीलर लोकांना जोडीनं आल्प्सच्या डोंगरातल्या एका जुन्या गावाची ट्रिप. पाऊस पडला असता तर घरीच बसलो असतो!

मला मात्र घोर लागला. आमच्याकडं टँकर कधी येईल याचा नेम नाही. ड्रायव्हर निघताना माझ्या मोबाईलवर मिसकॉल देतो, मग मी गल्लीला आवाज देते. त्याला दुसरा नंबर दिला, तर म्हणाला, "वहिनी, मला ह्योच पाठ हाय." तीन वर्षांची गुड्डी सासूबाईंपाशी राहणार. कॉल चुकला की लेकरू बिनपाण्याचं. मी सातवी शिकलेली, पण एक पक्कं केलं. बाहेरदेशाचा रिचार्ज मारायचा आणि फोन हातातून सोडायचा नाही.

*

सोबत उदगीरचे काशिनाथआप्पा आणि त्यांच्या मंडळी, आक्का. आल्प्समधल्या त्या गावात पोचल्यावर चर्चच्या म्हाताऱ्या राखणदाराला आप्पांनी सांगितलं, आमचा जिल्हा उदगीर. हे म्हणाले, आप्पा, नवा जिल्हा अजून झाला कुठं? आप्पा शांतपणे म्हणाले, "आपण परत जाईस्तोवर होतोय की."

*

गावाच्या चौकात लाकडाचं लांब कुंड आणि त्यात रात्रंदिवस पाण्याची धार. नळाला चावीच नाही. आक्कांना बघवेना. त्यांनी रुमालाचा बोळा करून धारेच्या तोंडात कोंबला. तिथली एक म्हातारी आली, तिनं बोळा काढून आक्कांच्या हातात दिला. आक्कांनी परत कोंबला. शेवटी गाईड धावत आला. म्हणाला, डोंगराचं पाणी आहे, कित्येक पिढ्या असंच वाहतंय.

आक्का म्हणाल्या, "आन् इतक्या पिढ्यांत एकालाबी बंद करू वाटलं न्हाई?"

*

आमचं हॉटेल म्हणजे हातभर जाड भिंतींचं जुनं घर. आत रेंज नाही, वर डोंगरावर लागते. म्हणून मी रोज नाश्ता झाला की साडीवर स्वेटर, पायात बूट घालून एकटीच चढायची. गाईड सगळ्यांना माझं उदाहरण द्यायचा, बघा, ह्या ताईंना डोंगराचं किती वेड! मी आपली मान हलवून "हाव, हाव" म्हणायची.

*

शेवटच्या दिवशी स्कीइंग. बाकी बाया खाली कॉफी पीत बसल्या. वर रेंज होती, म्हणून मी गेले. शिकवणाऱ्यानं पायात लांब पट्ट्या अडकवल्या, गुडघे वाकवायला लावले आणि तेवढ्यात फोन एकदा वाजून बंद झाला. टँकर!

मी दातानं हातमोजा ओढला आणि घरी फोन लावला. लावता लावता पाय निघाले. मागनं तो ओरडतोय, खालून हे ओरडतायत. मला पडायला सवड नव्हती. निम्म्या उतारावर सासूबाईंनी फोन उचलला.

"आई, टँकर निघालाय. गुड्डीला आत बसवा, हंडे बाहेर काढा. आन् मागच्या गल्लीतल्या बायांना बी निरोप द्या, त्यांना कुणी सांगत न्हाई."