शेळीच्या वासाचं पाडस

राहीबाई माणदेशातली, धनगराघरची. मेंढरं दुष्काळात गेली, तशी ती नवऱ्यामागं पारसिकच्या डोंगरात खाणीवर खडी फोडायला आली. ते साल त्र्याण्णवचं. खाली वाशीकडं इमारती उठत होत्या आणि त्यांच्या पायासाठी डोंगर रोज थोडा थोडा खाली उतरत होता. झोपडीशेजारी तिनं एक शेळी बांधली होती, चंद्री. दारात खुराचं जनावर असल्याबिगर राहीबाईला अन्न गोड लागत नसे.

पौषात चंद्रीचं करडू जन्मताच मेलं. त्याच दुपारी सुरुंग उडाला, धुरळा बसला, आणि झऱ्याकडच्या गवतात राहीबाईला एक पाडस दिसलं. मांजराएवढं, तपकिरी, मान भुईला चिकटवून गप्प पडलेलं. आई कुठं दिसेना.

"भ्याली आन् टाकून पळाली बगा," म्हणत पाडस पदरात घेऊन ती घरी आली.

जोतीराम, तिचा नवरा, हसला. "आता हरणाचं बाळंतपण कर! माजी भाकरी ऱ्हाऊंदे तशीच."

"तुमाला हात हायती. त्येला न्हाईत."

पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायची तिच्या घरची रीत होती. राहीबाईनं मेलेल्या करडाचं कातडं सोललं, पाडसाच्या पाठीवर बांधलं, चंद्रीचंच दूध त्याच्या अंगाला चोळलं. चंद्रीनं हुंगलं, एक ढुशी दिली, परत हुंगलं आणि पान्हा सोडला. राहीबाईचे डोळे भरून आले. सगळं गेलं, पण हातातली कला तेवढी मागं राहिली होती.

दोन-तीन दिवसांनी खालच्या बोनकोडे गावचा हिरामण गवत कापायला वर आला. आगरी म्हातारा, जन्म या डोंगरावर गेलेला. पाडस बघून त्यानं डोक्यावरचा भारा खाली टाकला.

"यो कुठं गावला गो तुला? चौशिंग्याचा हाय यो."

"आईनं टाकलं व्हतं, दादा."

"टाकत नाय गो ती! पोराला गवतान लपवते नि चराला जाते. सांजच्याला येऊन पाजते. तवाच म्हनलं, ती मादी झऱ्यावर कनाला उभी ऱ्हाते? पयले लय होती या डोंगरान. पानी सोडून जात नाय ही जात, नि झरे तर खानीन गेले. आता ही एकलीच ऱ्हायलेली दिसते."

राहीबाईनं लगोलग कातडं सोडलं, हंडाभर पाण्यानं पाडस धुतलं, माती लावली, पाला चोळला.

सांजेला ती पाडस झऱ्याकाठी ठेवून हिरामणसोबत खडकामागं बसली. मादी आली. पोराला बघून धावतच आली. त्याच्या पाठीवर नाक टेकलं आणि अंग चोरून मागं सरली. पुन्हा आली, पुन्हा हुंगलं. मग पुढचा पाय आपटला नि करवंदीच्या जाळीत उडी घेतली. पाडस तिच्यामागं गेलं नाही. चंद्री ओरडत होती, त्या बाजूला तोंड करून उभं राहिलं.

"वास बसला गो," हिरामण म्हणाला.

"म्याच बसवला वो दादा. लई नीट बसवला."

मादी नंतर दिसली नाही. राहीबाई मात्र रोज सांजेला पाडस घेऊन झऱ्यावर बसायची. उन्हाळ्यात झराही खाणीत गेला, तेव्हा खडीच्या ढिगाशी बसायला लागली. पाडसाला तिथं करमत नसे. तिचा पदर दातात धरून ते ओढत राही, घरी, चंद्रीकडं.