उकिडवं बसल्याशिवाय चाबी नाही

गाडी धुऊन झाली की माझा एक नियम आहे. मालकाने चारही चाकांपाशी उकिडवं बसायचं, वाकून आत बघायचं, आणि मगच चाबी मागायची. डॉक्टर असो, ठेकेदार असो, साहेब असो. गुडघे दुखणाऱ्यांना मी बुटकं स्टूल देते, पण सूट देत नाही. राजुऱ्यात या नियमाची भरपूर थट्टा होते. होऊ दे.

चाकाच्या वर, बॉडीच्या आत जी अर्धगोल पोकळी असते तिला गॅरेजवाले आर्च म्हणतात. मी चाकाचं घर म्हणते. गाडीत सगळ्यात जास्त मार तिथे बसतो आणि सगळ्यात कमी लक्ष तिथेच जातं. बाकीचे वॉशिंगवाले बाहेरचा पत्रा चकाचक करतात, टायरला काळं फासतात आणि चाकाच्या घरात लांबूनच एक फवारा मारतात. वरून जळकं ऑइल लावलं की झालं काळंभोर. दोन दिवसांत त्या ऑइलवर अशी धूळ थापली जाते की आधीचा चिखल बरा होता म्हणावं. मला असल्या कामाची चीड आहे. जे दिसत नाही ते करायचंच नसेल तर धंदा कशाला मांडायचा?

आमच्याकडचा चिखल साधाही नसतो. खाणीकडून आलेल्या गाडीत कोळशाची भुकटी मेणासारखी चिकटलेली असते. धानपट्ट्यातून आलेल्या गाडीत बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, चिखल असतो आणि त्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कालवलेला असतो. तो वाळला की मातीची भिंतच तयार होते. तिच्यावर नुसतं प्रेशर मारलं तर वरचा थर उडतो, आतला जागचा हलत नाही. म्हणून मी आधी जुनी पोती भिजवते आणि चाकाच्या घरात कोंबून अर्धा तास ठेवते. घराची जुनी भिंत उकरण्याआधी आई असंच करायची. अर्ध्या तासाने पोतं काढलं की चिखल सबंधच्या सबंध सुटून हातात येतो. मग ब्रश, मग पाणी. पाणी निथळायची बारीक भोकं असतात, ती तारेने मोकळी करायची. सगळं नीट वाळलं की स्पंजाने धूळ न धरणारं काळं ड्रेसिंग, हलक्या हाताने. ब्रेकच्या तबकडीला त्याचा थेंबही लागता कामा नये, म्हणून तिथे मी जुना टॉवेल गुंडाळून ठेवते. एका गाडीच्या चार घरांना माझे दोन तास जातात, आणि घाई करणाऱ्याला मी सरळ दुसरीकडे पाठवते.

माझ्या बाबांना यातलं काहीही ऐकायचं नव्हतं.

बाबा मास्तर होते. निवृत्त झाल्यावरही सकाळी आठला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ओसरीवर बसतात. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावात परत आल्यावर मेलेली ढोरं ओढायला नकार दिला. गावाने मजुरी बंद केली. आजोबांनी जंगलात मोहफुलं वेचली, तेंदूपत्ता तोडला, पण ढोराच्या दोरीला परत हात लावला नाही. ही हकीकत बाबांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की लहानपणी मला ती आमच्या घराची पायाभरणी वाटायची. अजूनही वाटते.

बीए झाल्यावर मी चंद्रपूरला गाड्यांच्या एका शोरूममध्ये लागले. काम टेबलावरचं होतं, कोणती गाडी कशासाठी आली ते लिहून घ्यायचं. पण माझं लक्ष सारखं मागच्या धुण्याच्या रॅम्पवर. तिथली घिसाडघाई बघून हात शिवशिवायचे. सहा वर्षांनी नोकरी सोडली आणि राजुऱ्याच्या बाहेर गोंडपिपरीच्या रस्त्याला स्वतःचा रॅम्प बांधला. बाबांना वाटलं होतं मी स्पर्धा परीक्षेला बसेन. उद्घाटनाला बोलवायला गावी गेले तेव्हा त्यांनी शांतपणे मला समोर बसवलं.

"तुह्या आजानं लोकायची घाण उचलणं सोडलं," ते म्हणाले. "तू शिकूनसवरून तेच उचलून राह्यली."

मला राग आला, रडू आलं, आणि राजुऱ्याला परत येताना वाटेत शंभर उत्तरं सुचली, पण त्यातलं एकही मलाच पटेना. बाबा उद्घाटनाला आले नाहीत. नंतरची दोन वर्षं त्यांची बस माझ्या रॅम्पवरून जायची तेव्हा ते पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघायचे, हे मला आईने सांगितलं. उकिडवं बसायचा नियम मी त्याच दिवसांत काढला. गिऱ्हाइकांना वाटतं ही कामाची खात्री पटवते. ती तर पटवतेच. पण खरं सांगायचं तर आपल्या गाडीच्या चिखलासमोर एकदा तरी मालकाने वाकावं, एवढाच माझा हेतू होता.

त्या वर्षी दसरा आणि चंद्रपूरच्या दीक्षाभूमीचा कार्यक्रम एकाच दिवशी आले. दसऱ्याला गाडीची पूजा, त्यामुळे माझ्याकडे रांग. चंद्रपूरला मात्र मी दरवर्षी बाबांबरोबरच जाते, अबोल्याच्या काळातही तो नेम आम्ही दोघांनी मोडला नव्हता. दुपारी बसस्टॉपवर भेटायचं ठरलं होतं. मी वेळेत पोचले नाही, म्हणून बाबा चालत आले. रॅम्पवर आले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे, पांढऱ्या शर्टात, हातात छत्री घेऊन उभे राहिले.

माझ्यासमोर शेवटची गाडी होती. गोंडपिपरीकडच्या एका राइसमिलवाल्याची मोठी पांढरी गाडी, चारी घरं बांधीच्या चिखलाने गच्च. मी ती आताच संपवली होती. मालक पूजेच्या गडबडीत होता, बरोबर झेंडूचा हारही आणला होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि खूश झाला. माणूस उद्धट नव्हता, हे मुद्दाम सांगते. तो हसून, अगदी कौतुकाने बोलला.

"बाई, तुमच्या लोकायचा हात बसते ह्या कामाले. आमच्यानं नाई होत."

माझी नजर आधी रस्त्यापलीकडे गेली. रस्ता अरुंद आहे, आणि त्या क्षणी एकही ट्रक जात नव्हता. बाबांनी ऐकलं होतं. छत्री त्यांनी दुसऱ्या हातात घेतली, एवढंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसावरच्या रागापेक्षा जास्त आग याची होती की दोन वर्षांपूर्वी बाबांनी मला जे बजावलं होतं ते या माणसाने माझ्याच रॅम्पवर, बाबांच्या देखत, खरं करून दाखवलं.

"कोणते लोक, भाऊ?" मी विचारलं.

तो गडबडला. तसं नाही, सहज म्हणालो, वाईट वाटून घेऊ नका, असं बरंच काही बोलला. मी चाबी खिशात टाकली आणि त्याला पहिलं चाक दाखवलं. त्याला नियम माहीत होता, पण आज पूजेचे कपडे होते, धोतर नवं होतं, आणि मुहूर्त जवळ आला होता. विश्वास आहे बाई, असू द्या, म्हणाला. मी म्हटलं, विश्वास नको, बघा. स्टूल पुढे केलं. ओल्या स्टूलवर बसलो तर धोतर भिजेल म्हणून तो उकिडवाच बसला.

मी घाई केली नाही. पहिल्या चाकाच्या घरात टॉर्च मारून चिखल कुठे बसला होता, पोतं किती वेळ ठेवलं, भोकं कोणत्या बाजूला होती, सगळं सांगितलं. एका भोकाच्या कडेला गंज धरायला लागला होता, तोही दाखवला. पुढच्या वर्षापर्यंत पत्रा सडला असता, मी म्हणाले. दुसऱ्या चाकाला तो प्रश्न विचारायला लागला. तिसऱ्याला त्याने स्वतःच टॉर्च मागून घेतली. चौथ्याला तोल जाऊन त्याचा पंजा ओल्या जमिनीवर टेकला. उठला तेव्हा घामाघूम झाला होता. चाबी घेताना त्याने डोळे वर केले नाहीत, आणि मला त्याची जराही दया आली नाही.

मी हात धुतले, साडी बदलली आणि बाबांबरोबर बस धरली. वर्धा नदीचा पूल आला. मग बाबा खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाले की मी जे म्हणालो होतो तेच तो माणूस म्हणाला.

दोन वर्षांत जे उत्तर सापडलं नव्हतं ते तेव्हा आपोआप तोंडातून आलं. बसमध्ये गर्दी होती, तरी मी आवाज खाली केला नाही.

"हो बाबा. तो तेच म्हनला अन् तुमीबी तेच म्हनले. पण त्यानं खाली बसून पाह्यलं तरी. तुमी तं तेवढंबी नाई पाह्यलं."

आजवर बाबांशी असं कोणी बोललं नव्हतं, मी तर नाहीच. आजोबांच्या नकाराचा मला अभिमान आहे आणि मरेपर्यंत राहील. पण त्यांना ते काम गावाने जन्मावरून दिलं होतं, आणि हे मी निवडलं आहे, शिकले आहे, आणि नको त्याला नाही म्हणते. हे सगळं मला म्हणायचं होतं. ते बसमध्ये नीट मांडता आलं नाही.

दीक्षाभूमीवर मोठी रांग होती. दर्शनाला तास लागणार होता. रांगेत बाबांचे जुने सहकारी भेटले, तेही निवृत्त मास्तर. त्यांचा मुलगा बँकेत लागल्याचं त्यांनी सांगितलं आणि मग माझ्याकडे बघून, मुलगी काय करते म्हणून विचारलं. या प्रश्नाला बाबांचं ठरलेलं उत्तर होतं, खासगी कंपनीत आहे. मी दुसरीकडे बघायला लागले.

"गाड्या धुते," बाबा म्हणाले. "राजुऱ्याले सोताचं सेंटर हाय तिचं."

सहकाऱ्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि जरासे हसले.

बाबांनी छत्री जमिनीवर टेकवली.

"काऊन हासले?" त्यांनी विचारलं.