खाज आधी आली

बुधवारी आणि रविवारी बेबाबाईच्या ओट्यावर गावातलं कोणी एरवीसारखं भांडण मिटवायला जात नसे. त्या दोन दिवशी तिथं पिवळी माणसं बसलेली असत. एरंडोलपासून दोन कोसांवर, अंजनी नदीच्या काठाला वसलेलं गाव. पण पार पारोळ्याकडूनही, कोणाचे डोळे हळदीसारखे झाले की घरचे लोक गाडी जुंपून त्याला इथंच आणत.

बेबाबाई अंगठ्यानं खालची पापणी ओढून बघायची. मग बांधावरच्या एका वेलीच्या ओल्या काड्या तोडून दोऱ्याच्या गाठींत गुंफायची. माळ एवढीशी, डोक्यावर टोपीसारखी बसणारी. दिवस जातील तशी ती लांब होत कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर यायची. बेंबीला टेकली की कावीळ उतरली म्हणायचं आणि माळ नदीत सोडायची. वेलीचं नाव सासूनं मरताना कानात सांगितलेलं. बदल्यात नारळसुद्धा घ्यायचा नाही, घेतला तर गुण जातो. तीस वर्षांत शंभरातली नव्वद माणसं उठून कामाला लागली होती. उरलेल्यांचं नशीब, असं गाव म्हणायचं आणि बेबाबाईही.

तिला खाज सुटली ती अडुसष्ट साली, कापूस वेचणीच्या दिवसांत. आधी तळहात, मग तळपाय. अंगावर ना पुरळ ना गांधी. कापसाचं काहीतरी लागलं असेल म्हणून तिनं कडुनिंबाचं पाणी केलं, करंजाचं तेल चोळलं. वेचणी संपली, खाज संपली नाही. भाकरी थापता थापता ती थांबायची आणि परातीच्या कडेवर तळवा घासायची. तळहात खाजतो म्हणजे लक्ष्मी येणार, असं शेजारणी म्हणायच्या. वर्षभर खाजला, लक्ष्मीनं काही गाव विचारलं नाही. पुढच्या वर्षी अंग तव्यासारखं काळवंडलं आणि पापण्यांच्या कोपऱ्यात तुरीच्या डाळीएवढे पिवळट फोड उठले. दुखत नव्हते, खुपत नव्हते. नुसते बसले होते.

ते फोड बघून मात्र बेबाबाईनं तेल चोळणं थांबवलं. असेच फोड तिनं एकदा पाहिले होते.

एरंडोलच्या हीरालाल शेठजींची बायको गुलाबबाई. मारवाड्याचं घर, कापडाची पेढी. ती बाई ओट्यावर आली तेव्हा हातात धुळ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी होती, मुंबईला जाऊन तपासा म्हणून. ती सारखं सांगत होती की कावीळ आत्ता झाली, खाज मात्र दोन वर्षांची आहे. बेबाबाईनं ऐकून घेतलं नव्हतं. माळ आणि चिठ्ठी एका अंगावर चालत नाही, असं तिनं सुनावलं आणि शेठजींनी चिठ्ठी फाडून टाकली. नवव्या दिवशी माळ बेंबीला टेकली. शेठजी पेढे घेऊन आले, तेही तिनं परत पाठवले. गुलाबबाई सव्वा वर्षानं पोट फुगून गेली. गावानं तिचं नशीब म्हटलं.

सत्तरच्या दिवाळीनंतर बेबाबाईचे डोळे पिवळे झाले. आता तिला नीट समजलं. लोकांची कावीळ यायची तिला एक रीत होती: आधी ताप, अन्नावरची वासना जायची, मग डोळे रंगायचे आणि खाज सुटलीच तर शेवटी, चार दिवसांची पाहुणी. तिची मात्र खाज पुढं धावली होती आणि रंग दोन वर्षांनी मागून आला होता.

आपल्या डोक्यावर आपल्या हातानं माळ चालत नाही. म्हणून सून पुष्पाबाईनं बांधली, सगळ्या ओट्यासमोर. अकराव्या दिवशी ती बेंबीला टेकली. मुलगा चिंध्या गूळखोबरं वाटत गावभर फिरला. बेबाबाईनं परातीतल्या पाण्यात तोंड पाहिलं. डोळे होते तसेच होते.

त्याच दिवशी तिनं एक काम केलं, तीस वर्षांत कधी न केलेलं. धान्याच्या खोलीत जाऊन एक मातीची घागर पालथी घातली आणि तिच्या बुडावर ओली माळ बांधली. रोज जाऊन बघायची. काड्या सुकल्या, बारीक झाल्या, गाठी सैल पडल्या. दहाव्या दिवशी माळ घागरीवरून सरकून जमिनीवर पडलेली होती. घागरीला काही कावीळ नव्हती.

ती कोणाला बोलली नाही. चिंध्याला म्हणाली, जळगावला घेऊन चल.

जळगावच्या डॉक्टरनं आधी पोट दाबलं, मग चिंध्याला बाजूला घेऊन विचारलं की बाई दारू पिते का. चिंध्या भडकला.

"मनी माय चहा बी फुकी फुकीसन पेस, साहेब. दारू कथाइन पी?"

डॉक्टर हसला नाही. त्यानं मुंबईला धाडलं. तिथं सुईनं काळजाचा, म्हणजे यकृताचा, धाग्याएवढा तुकडा काढला आणि चार दिवसांनी एक मोठा डॉक्टर साध्या मराठीत समजावायला बसला. काळजातून पित्त वाहून नेणाऱ्या केसाएवढ्या नळ्या असतात. शरीराचे राखणदारच त्यांना चोर समजून खात सुटलेत. का, ते कोणालाच माहीत नाही. तुंबलेल्या पित्तानं खाज सुटते, कावीळ पुष्कळ मागून येते. बायकांना जास्त होतो हा आजार. खाजेसाठी पाण्यात कालवायची वाळूसारखी पूड आहे. आजारावर अजून काही नाही.

बेबाबाईनं एवढंच विचारलं, की आधी आले असते तर?

तरी बरं झालं नसतं, डॉक्टर म्हणाला. पण काय होणार ते कळलं असतं, खाज कमी झाली असती, काळजी घेता आली असती.

परतीच्या गाडीत चिंध्या समजावत राहिला, की गावात यातलं काही बोलायचं नाही. माळ उतरली आहे, लोकांनी पाहिली आहे. बोललीस तर ओटा बसला, पुष्पीच्या हाताला उद्या कोण विचारील? बेबाबाई तळपाय बाकाच्या लोखंडी पायावर घासत बसली होती.

रविवारी ओट्यावर सात जणं होती. शेवटी धरणगावची एक बाई, चाळिशीतली, तळहात नऊवारीच्या काठावर घासणारी. बेबाबाईनं तिची पापणी ओढली. कोपऱ्यात डाळीएवढा फोड.

"खाज पहिले उनी, का डोया पहिले पिवळा व्हयनात?"

"खाज पहिले, अक्का. दोन वरीस व्हई ग्यात."

पुष्पाबाईनं काड्या पुढं केल्या. बेबाबाईनं त्या घेतल्या नाहीत. ही कावीळ माझ्या हातची नाही, जळगावला जा, तिथला कागद फाडू नको, असं ती म्हणाली. बाईला वाटलं, आपल्याला टाळतेय.

"तुमनी माळ ते उतरनी ना, अक्का? बठ्ठा गाव सांगस."

चिंध्या दारात उभा होता. त्यानं नको म्हणून मान हलवली. बेबाबाईनं त्याच्याकडे पाहिलं.

"माळ घागरनी बी उतरस, वं माय. मी बांधी पाही. गुलाबबाईनी बी उतरनी व्हती, मी तिले मुंबईले जाऊ दिधं नही."

गळ्यापर्यंत माळ आलेल्या एका म्हाताऱ्यानं हात वर नेला, माळ चाचपली आणि हात तसाच ठेवला. पुष्पाबाई काड्या घेऊन आत निघून गेली. चिंध्या केव्हाच दारातून नाहीसा झाला होता.

धरणगावची बाई तिथंच बसून राहिली.

"तठे गयावर मी बरी व्हसू का, अक्का?"

बेबाबाईनं तिचा तळहात आपल्या हातात घेतला. खाजवून खाजवून तो गुळगुळीत झाला होता, तिच्या स्वतःच्या हातासारखाच. तिनं पूड कशी कालवायची ते सांगायला सुरुवात केली.