नको म्हटलेलं गाणं

मी एसटीत कंडक्टर आहे आणि विडंबनं गाते. परभणी-पूर्णा गाडीवर ड्युटी असली की अर्धे प्रवासी मला तिकिटामुळे ओळखतात आणि अर्धे मोबाईलवरच्या गाण्यांमुळे. सोयाबीनच्या भावावर, गॅसच्या टाकीवर, मुलगी बघायला येऊन नुसतेच पोहे खाऊन जाणाऱ्या पाहुण्यांवर मी गाणी केली. चाल लोकांच्या तोंडात बसलेल्या जुन्या गाण्याची, शब्द माझे. डेपोच्या एका निरोप समारंभात सुरुवात झाली, मग बचत गटांचे मेळावे आले, शाळांची गॅदरिंग आली, आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसणं बंद झालं.

माझे वडील गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. मी पहिलं विडंबन केलं तेव्हा ते हयात होते. ऐकून हसले, पण लगेच म्हणाले, "दुसऱ्याच्या चालीवर पाय ठिवायचा तर आदी चप्पल काढावं माय." म्हणजे, ज्याचं गाणं त्याला विचारायचं. तेव्हापासून मी विचारत आले. गाणाऱ्या लोकांचे नंबर शोधायचे, फोन लावायचा, शब्द ऐकवायचे. एक जण म्हणाला, गा, पण माझं नाव घेऊन गा. एकानं पूर्ण ऐकून घेतलं आणि न बोलता फोन ठेवला. ते गाणं मी सोडून दिलं. एक म्हातारे गायक इतके खूश झाले की त्यांनी उलट मलाच एक कडवं सुचवलं. माझ्यासोबत कीबोर्ड वाजवणारा जिंतूरचा माणूस या सगळ्यावर वैतागायचा. "ताई, सारी दुनिया उचलायली. तुमीच कशाला परवानग्या मागत बसल्या?"

ज्या गाण्यावरून हे सगळं झालं ते लग्नातलं होतं. आमच्या भागात नवरी सासरच्या दारात आली की बँडवाले हमखास वाजवायचे ते.

आली नवी सून दारी, दार उघडं ठेवा गं,
परक्या घरची लेक हिला माय होऊन घ्या गं.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत लाईटचा नुसता खेळ चाललेला होता. यायची, पंखा दोन गिरक्या घ्यायचा, की गेली. पीठ गिरणीत अडकलेलं, पाणी टाकीत चढेना. तिथंच मला सुचलं की ही लाईट म्हणजे नवी सूनच आहे. बसल्या बसल्या कडवी जमली.

आली नवी लाईट दारी, बटन चालू ठेवा गं,
गिरणीवाल्या भाऊ आधी दळण माझं घ्या गं.
आली आली म्हणेस्तोवर माहेराला गेली गं,
दोन दिवस नांदली न्हाई, नाव बुडवून आली गं.

कीबोर्डवाल्याला गाऊन दाखवलं, त्याला पट्टी ठरवायची होती म्हणून मोबाईलवर रेकॉर्डही करून पाठवलं. तो म्हणाला, "हे गाणं तुमाला कुठल्या कुठं घेऊन जातंय बघा." मलाही तसंच वाटत होतं.

मूळ गाणं गाणारा गायक परभणीतच राहतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "आवाज माझा होता बाई. गाणं लिहिलं चुडाव्याच्या मास्तरानं, चालही त्याचीच. मास्तर आता न्हाई. त्यांच्या बायकोला विचारा. त्या हो म्हणल्या तर माझं काहीच म्हणणं न्हाई."

म्हणून मी सुट्टी बघून चुडाव्याला गेले. स्टेशनवरून विचारत विचारत घर सापडलं. मास्तरांची बायको ओसरीत तूर निवडत बसली होती. मी कोण, कुणाची, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "तुज्या बापाची ढोलकी ऐकल्याली हाय मी. ये, बस." तिच्या मुलीनं चहा आणला. चाळिशीच्या आतबाहेरची, हातात एकही बांगडी नाही. मुलगा शेतात गेला होता.

मास्तरांच्या बायकोला मी मावशी म्हणाले आणि काय मागायला आले ते सांगितलं. मावशी म्हणाली, "म्हणून दाखव."

मी गायला लागले. गिरणीवाल्या भावावर मावशी खुदकन हसली. मला धीर आला आणि आवाज मोकळा झाला. मग ती ओळ आली. "माहेराला गेली गं" म्हणताना मी मावशीकडं बघत होते आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू जाताना मला दिसलं. हात तुरीत तसाच राहिला. मुलगी दारात उभी होती. "नाव बुडवून आली गं" म्हणून मी थांबले तेव्हा ती पदर तोंडाशी धरून आत निघून गेली.

मला काही कळेना. मावशीनंच सांगितलं, हलक्या आवाजात, आतल्या खोलीकडं एक नजर ठेवून. मास्तरांनी हे गाणं याच लेकीच्या लग्नात लिहिलं होतं. वर्षाच्या आत ती परत आली. कामून आली, ते मावशीनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. "गावात लोक हेच गाणं वाजवायचे आन हिच्याकडं बघायचे," ती म्हणाली. "मास्तरानं त्याच्यानंतर एक ओळ लिहिली न्हाई."

मी म्हणाले, "मावशी, मला ठाऊक नव्हतं. ती ओळ काढून टाकते. दुसरी घालते."

"ओळ बदलशील. पर लोक हसायचे ते सुनंच्या गाण्यावरच हसणार का न्हाई?" तिनं सूप उचललं. "नगं बाई. दुसरं कायबी म्हण. हे नगं."

मी बरं म्हणाले. परत येताना कीबोर्डवाल्याला फोन करून सांगितलं की हे गाणं आपण करायचं नाही. तो "हं" म्हणाला. एवढंच.

पुढं काही आठवड्यांनी डेपोत एका ड्रायव्हरनं मला मोबाईल दाखवला. "तुमच्या लाईनचं हाय बघा. लय भारी." कुठल्यातरी मंडपातला व्हिडिओ होता. माझा कीबोर्डवाला माईक धरून उभा, मागं ऑर्केस्ट्रा, आणि तो गात होता. आली नवी लाईट दारी. शब्द अन् शब्द माझा. त्या ओळीला तर तो थांबायचा, हात कानाला लावायचा आणि समोरच्या बाप्यांकडून म्हणून घ्यायचा. अख्खा मंडप ओरडत होता, "नाव बुडवून आली गं!"

मी तिथंच त्याला फोन लावला.

"ताई, तुमी तर सोडलंच होतं," तो म्हणाला. "पडून राहून काय उपयोग?"

"मी नको म्हणलेलं होतं. त्या माऊलीनं नको म्हणलेलं होतं."

"तिच्या घरी कोन बघायलंय हे? आन मी तुमचं नाव घेतलं न्हाई, त्यांचं न्हाई. गाणं कुनाचं, हे कुनाला ठाऊक तरी हाय का?"

"काढ ते."

"आता निघत न्हाई ते. गावोगाव गेलंय."

फोन त्यानं ठेवला. पुढं लावला तर उचललाच नाही.

मला रात्रंदिवस चुडाव्याचं ते दार दिसायचं. फोन करावा तर काय बोलणार? मी गायले नाही म्हणावं, तर शब्द माझेच. गप्प बसावं, तर आज ना उद्या त्यांच्या कानावर जाणारच. मी गप्प बसले. गाडीत कुणाच्या मोबाईलवर ते गाणं लागलं की मी मागच्या बाजूला तिकिटं काढायला जायची.

ताडकळसचा बाजार होता त्या दिवशी गाडी खच्चून भरली. पोती, कोंबड्या, बायकांच्या मांडीवर लेकरं. मी वाट काढत मशीन धरून पुढं सरकत होते. ताडकळसला चढलेला एक माणूस दांडा धरून उभा होता. मी म्हणाले, "कुठं?"

तो तिकिटाचं बोलला नाही. "त्या गाण्यावाल्या कंडक्टर तुमीच ना?"

"हो."

"मी चुडाव्याचा. मास्तराचा मुलगा. डेपोत विचारून तुमची गाडी धरलीय."

मी मशीन खाली घेतलं.

"माझ्या आईनं तुमाला नगं म्हणलं होतं का न्हाई?"

"म्हणल्या होत्या. दादा, मी ते गायलेलं न्हाई."

"गायलं न्हाई ते मलाबी दिसायलंय. शब्द कुणाचे?"

ड्रायव्हर आरशातून बघत होता. खोटं बोलणं सोपं होतं. त्या गर्दीत कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं.

"शब्द माझे," मी म्हणाले.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की राग, मला आजही सांगता येणार नाही. "सोयऱ्याच्या लग्नात लावलं त्यांनी. माझी बहीण पंगतीत वाढायली होती. पोरं तिच्यासमोर नाचायली. बाई, आमी तुमाला घरात बसवून चहा पाजला."

एका म्हातारीनं "जाऊ दे बाबा, बाईमाणूस हाय" म्हणून त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला. पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. "पूर्णा." मी तिकीट दिलं. मशीनचं बटन दोनदा चुकलं. पूर्णेपर्यंत तो तसाच उभा होता आणि मी त्याच्याच बाजूनं ये-जा करत होते, कारण गाडीत दुसरी वाटच नव्हती.

तो उतरल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "शब्द तुमचे असतील तर व्हिडिओ जिथं टाकलाय तिथं तक्रार करा की. माझ्या पुतण्याचं गाणं कुनीतरी उचललं होतं, ते असंच काढायला लावलं. मूळ माझं हाय, एवढं दाखवायचं."

दाखवायला माझ्याकडं होतं. त्याला पाठवलेलं माझ्याच आवाजातलं रेकॉर्डिंग. पण तक्रार करायची म्हणजे ती ओळ माझी आहे असं उघड सांगायचं. आणि ते गाणं मास्तरांच्या गाण्यावरून केलं हेही. मग लोक खोदत चुडाव्यापर्यंत जाणार. मला त्या घरी विचारल्याशिवाय ते करायचं नव्हतं. पण त्या घराची पायरी चढायची हिंमतही नव्हती.

तरी गेले. मुलगा अंगणातच होता. मला बघून तो उठला आणि वाटेत उभा राहिला. आतून मावशीचा आवाज आला, "येऊ दे तिला."

ह्या वेळी कुणी बस म्हणालं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग कुणाला दिलं, कसं दिलं, त्याच्याशी काय बोलणं झालं, आता तक्रार केली तर काय होईल. "तुमी म्हणाल तसं करते. नको म्हणाल तर गप्प बसते."

मुलगा म्हणाला, "आता इचारायला आल्या. आग लागल्यावर."

"तिनं आदीबी इचारलंच होतं," मावशी म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "पर शब्द बाहेर जातात बाई. एकदा तोंडातून निघाले की तुज्या हातात काय ऱ्हातंय?"

तेवढ्यात मुलगी आतून आली. पहिल्या भेटीत मी तिचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता.

"तक्रार करा," ती म्हणाली. "तुमचं नाव घालून करा."

"तू गप ऱ्हा," भाऊ म्हणाला.

"कामून? माझ्यावरच चाललंय सगळं, आन मीच गप ऱ्हायचं?" ती माझ्याकडं वळली. "त्या दिवशी तुमाला काय वाटलं, मी रडायला आत गेले?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मला हसू आलतं. दोन दिवस नांदली न्हाई म्हणल्यावर. आई समोर, हसायचं कसं? म्हणून गेले."

मावशी तिच्याकडं बघतच राहिली. "हसू आलं तुला?"

"आलं. खरंच हाय ना ते. लोक हेच म्हणायचे. तुमी म्हणत होत्या तवा वाटलं, ही बाई त्या लोकालाच हसायली." तिचा आवाज चढला. "त्या मंडपात ते मला हसायले. शब्द तेच हायत. मला ते नगं. ते काढा."

भाऊ अंगणात निघून गेला. मावशीनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. मी पाणी प्यायले आणि मूर्खासारखं विचारून बसले, "मग मावशी, कधी पुढं, मी स्वतः, बायकांच्यात..."

"नगं म्हणलं ना." ती लगेच म्हणाली. "तिला हसू आलं असंल. गाणं तिच्या बापाचं हाय. मला न्हाई हसू आलं."

मी नमस्कार करून निघाले.

तक्रार केली. माझं नाव घालून, माझं रेकॉर्डिंग जोडून. व्हिडिओ निघाला. लोकांच्या मोबाईलमध्ये उतरून घेतलेला होताच, तो काही निघाला नाही. अजून कुठल्या वरातीत वाजतो म्हणतात. कीबोर्डवाल्यानं इकडंतिकडं सांगितलं की कंडक्टरणीच्या पोटात दुखलं. दोन ठिकाणचे कार्यक्रम गेले. नवा कीबोर्ड वाजवणारा मिळेपर्यंत मी नुसत्या ढोलकीवर गात होते.

मध्ये जिंतूरला बचत गटाच्या मेळाव्यात बायकांनी धोशा लावला, "लाईटचं म्हणा! लाईटचं!" आयोजक बाईंनीही माईकवरून तेच मागितलं. मी म्हणाले, "ते शब्द माझे आहेत, पण ज्यांचं गाणं आहे त्यांनी नको म्हटलंय." कुणाला ते पटलं नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "नखरे बघा." मी गॅसच्या टाकीचं म्हटलं, ते रंगलं नाही. मधल्या कडव्याला बायका उठून जेवणाच्या रांगेत जायला लागल्या आणि मी उरलेलं गाणं त्यांच्या पाठींकडं बघत पूर्ण केलं.

मास्तरांची मुलगी त्यानंतर एकदा माझ्या गाडीत चढली. पूर्णेहून परभणीला दवाखान्यात निघाली होती, सोबत आई. मी दोघींची तिकिटं काढली. मावशीनं विचारलं, "बरी हाईस का?" मी हो म्हणाले. पुढच्या थांब्यावर दोन जागा रिकाम्या झाल्या तेव्हा त्या दोघींना मी तिथं बसवलं आणि बेल दिली.