कांद्याच्या चाळीतले झोपाळू राखणदार

माझी शाळा दुसरीपर्यंत, पण चाळीत कांदा नासायला लागला की मला लांबूनच वास यायचा. म्हणून सुनेनं आमच्या महाळुंग्याच्या चाळीत ओल मोजणारी बिनतारी यंत्रं टांगली, तेव्हा मी नाक मुरडलं. ती कंपनीत रात्रपाळीला असलीच यंत्रं जोडते.

दिवसभर एकाचाही दिवा लागलेला दिसला नाही. मी म्हणालो, "पोरी, तुझे राखणदार झोपलेत."

"झोपणारच, दादा. आपल्या पाळीला उठायचं, ओल कळवायची, परत झोपायचं. सगळी एकदम बोलली तर कुणाचंच ऐकू येत न्हाई, अन् जागीच राहिली तर बॅटरी लगेच संपती."

"झोपणाऱ्याला कुणी राखणीला ठेवतं व्हय?"

"मग भावकीच्या विहिरीवर सगळ्यांच्या मोटारी एकदम चालवता का?"

तिथं आम्ही पाळीनंच मोटारी चालवायचो. पटलं मात्र नव्हतं.

श्रावणात सर्दीनं माझं नाक बंद झालं. एका दुपारी सून झोपेतून उठून फोन घेऊनच धावत आली. मागच्या कोपऱ्यातल्या यंत्रानं ओल कळवली होती. पत्रा सरकून पाणी आत झिरपत होतं. तिथला कांदा आम्ही उपसून पसरला. चार पाट्या गेल्या, पण वर्षाचं पीक वाचलं.

तिचे उपकार मी मनापासून मानतो, तोंडावर बोलायला मात्र जमलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारी ओट्यावर येऊन म्हणाला, "सून अजून झोपलीच हाय का, राव?"

मी म्हणालो, "हळू बोल. ती वेळेला बरोबर उठती."