तिची पकड

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या बिऱ्हाडातली ती कशालाही "बरंय" एवढंच म्हणायची. रविवारी टीव्हीवरच्या सिनेमाला सगळे शेजारी आमच्या घरात दाटीवाटीने बसत. ती दारातच उभी, चपला न काढता. संध्याकाळी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठडा घट्ट धरून ती टाचा उचलायची आणि वाकून खाली बघत राहायची. ते दिसलं की मी स्वयंपाकघरातून मुद्दाम भांडी आपटायचे. मग तिच्या टाचा खाली टेकत.

श्रावणात खालच्या मजल्यावरच्या नव्या सुनेची मंगळागौर होती. समोरची ही भिंतीला टेकून बसलेली. मी तिला फुगडीला ओढलंच. आधी ती नुसती फिरली. मग मागे रेलून इतक्या जोरात फिरू लागली की माझी मनगटं पिळवटली.

"हळू गं, पडू दोघी."

"तू सोडू नकोस," ती डोळे मिटून म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी तिच्या टाचा पुन्हा उचललेल्या दिसल्या. या वेळी मी भांडी आपटली नाहीत. गॅलरीत जाऊन तिच्यापुढे दोन्ही हात धरले, फुगडीला धरतात तसे.

तिने एक हात लगेच दिला. दुसरा कठड्यावरून सुटायला बराच वेळ लागला.