एकाच फुगडीच्या सात बातम्या

गोवा घटकराज्य झाला त्या वर्षी मी पहिलीत होते, आणि डिचोलीच्या एका संगणक वर्गात शिकवायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची. माझ्याबरोबर हरमलची एक मुलगी शिकवायची. तिच्या घरी पर्यटकांना खोल्या देत, त्यामुळे जगात काय नवं निघालंय ते तिला आमच्याआधी कळायचं. एकदा तिनं फीडचं खूळ आणलं. आपण बातमी टाकायची आणि वाचणाऱ्याचा संगणक ती आपणहून उचलून आणतो, पान उघडून बघायलाही नको. इंटरनेटवर आमचं गावच्या बातम्यांचं एक पान होतंच, मुख्यतः मुरगाव बंदरात कारकून असलेल्या माझ्या दादासाठी काढलेलं.

फीड लिहायचे नियम तिनं छापून आणले. कुठली खूण कुठे उघडायची, कुठे मिटायची, तारीख कशी लिहायची. वर्ग सुटल्यावर जनेलाच्या उजेडात बसून आम्ही ते हातानं लिहून काढलं. दादाला फोन केला, तर त्याच्याकडे काहीच येईना. चुका तपासणाऱ्या एका पानावर फीड घालून बघितलं तेव्हा कळलं, आमच्या सर्वण गावच्या बातमीत मी ‘फुगडी & भजन’ लिहिलं होतं. ते चिन्ह तसं नुसतं लिहिलेलं चालत नाही. तेवढ्यावरून सगळं फीड नापास.

मैत्रीण शांतपणे म्हणाली, “मग ‘आणि’ लिही की. मराठी बातमी ना ती?”

‘आणि’ लिहिलं, आणि दादानं फोनवर वाचून दाखवलं, सर्वणात आज संध्याकाळी देवळात फुगडी आणि भजन. आम्ही दोघी हात धरून खुर्च्यांमधून गरगर फिरलो. मग त्या आनंदात मी शुद्धलेखन सुधारत बसले. एक वेलांटी, एक अनुस्वार, मग पुन्हा वेलांटी.

तासाभरानं दादाचा फोन. “गो बाय, सर्वणात आज सात फुगड्या आहेत?”

प्रत्येक बातमीला एक ओळखक्रमांक द्यायचा आणि तो कधी बदलायचा नाही, असा नियम होता. मी त्या जागी बातमी सुधारल्याची वेळ घालत होते. दर वेळी वेळ नवी, म्हणून बातमीही नवी. तो नियम असलेल्या कागदावर आम्ही चहाचे पेले ठेवले होते.

पण सात फुगड्या आहेत असं दादानं तोवर ऑफिसात सांगून टाकलं होतं. संध्याकाळी तो सहकाऱ्यांना घेऊन स्कूटरींवरून देवळात हजर. त्यात कोल्हापूरचे एक गृहस्थ होते, त्यांनी गोव्यातली फुगडी कधी पाहिली नव्हती. गावच्या फुगडीत पुढे असणाऱ्या माझ्या काकीला मी शरमेनं सगळं सांगितलं. तिला संगणकातलं काही कळलं नाही, पण आकडा कळला.

“सात सांगितल्यात ना? मग सात घालूया,” ती म्हणाली आणि पदर खोचला.

बायकांनी सात घातल्या. शेवटच्या दोन फेऱ्यांत आम्हालाही ओढलं. देऊळ, दिवे, दादाचं हसणं, सगळं गोल फिरत होतं. सातवीला मी मैत्रिणीच्या अंगावर कोसळले. तिची हरमलची बस केव्हाच गेली होती, ती आमच्याकडेच राहिली.

सकाळी वर्गात तिनं सगळ्यात आधी ओळखक्रमांक कायमचे केले. तेवढ्यात विद्यार्थ्यांनी विचारलं, दोघी बाई लंगडताय का. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर नुसतं हसूच येत राहिलं.